चावी कुणाकडे असते

या दिनक्रमात तक्रारदार मुलीचं नाव नाही, गाव नाही, खेळही नाही. खेळ मुद्दाम गाळला आहे. गोंदिया लहान शहर. कॉलेजं मोजकी, त्यांतले मुलींचे संघ त्याहून मोजके. अमुक खेळ आणि अमुक वर्ष एवढं बोललं तरी दोन चहांच्या आत टपरीवर नाव निघतं. म्हणून वेगवेगळ्या वेळच्या गोष्टी इथे एका दिवसात आणल्या आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कामाची रीत आणि कायदा मात्र जसाच्या तसा आहे. मी एका अनुदानित कॉलेजात शिकवते आणि तिथल्या अंतर्गत तक्रार समितीची अध्यक्ष आहे.

सकाळी 6:15

डिसेंबरातलं धुकं, आणि पलीकडच्या राईस मिलमधून येणारा उकड्या धानाचा वास. मुली केव्हाच धावायला लागल्या आहेत. बाहेरच्या माणसाला सगळ्या सारख्याच दिसतील, पण तक्रार द्यायची वेळ आली तर त्यांचे रस्ते वेगळे आहेत. पुढच्या घोळक्यात आमच्या सीनिअर कॉलेजच्या मुली, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची तयारी करणाऱ्या. त्यांच्या मागे अकरावी-बारावीच्या. त्यांच्या शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून होतात, आणि त्यांतल्या बहुतेकींना अठरा पूर्ण झालेली नाहीत. कडेकडेने पोलीस भरतीच्या मुली, खाजगी अकादमीत फी भरून पहाटे गावाहून येणाऱ्या.

पहिल्या घोळक्यातलीची तक्रार सरळ आमच्याकडे येते. दुसरीची आमच्याकडे आली तरी ती अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, लागतो आणि पोलिसांना कळवावंच लागतं. तिसरीच्या अकादमीत कामाला चार माणसं, मालक तोच आणि प्रशिक्षकही तोच. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं असतं. अशी समिती असते हेच त्या मुलींपैकी बहुतेकींना ठाऊक नाही. मैदानाच्या फाटकावर मी एक फलक लावून घेतला आहे. त्यावर समितीचा पत्ता आहे, स्थानिक समितीचा आहे, 112 हा आपत्कालीन मदतीचा आणि 1098 हा मुलांसाठीच्या मदतीचा नंबर आहे. कॉलेजच्या आत लावलेला फलक भरतीच्या मुलींना दिसतच नव्हता.

क्रीडा विभागाचा वेगळा विचार का करायचा, असं सहकारी विचारतात. वर्गात शिकवणाऱ्या माझ्यासारखीच्या हातात मुलीचे अंतर्गत गुण असतात, बाकी पेपर विद्यापीठाचा. मैदानावर सराव घेणारा, निवड करणारा, प्रवासाला सोबत जाणारा आणि प्रमाणपत्राची शिफारस करणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. त्या प्रमाणपत्रावर खेळाचे वाढीव गुण असतात, विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर कलर कोट असतो, आणि पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण असतं. धानाच्या दोन एकरांवर चालणाऱ्या घरातल्या मुलीला हा कागद काय वाटतो, हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. शिवाय खांदा धरून फेक शिकवणं, पाय ताणून देणं हा शिकवण्याचाच भाग. त्यामुळे कुठला हात शिकवणारा आणि कुठला नाही, हे मुलीला पहिल्या झटक्यात कळतं. पण सिद्ध कसं करायचं, हे कळत नाही.

कायदा करणाऱ्यांनी हे ओळखलं होतं. 2013 च्या कायद्यात कामाच्या ठिकाणाची व्याख्या करताना क्रीडा संस्था, स्टेडियम, संकुल, स्पर्धेची जागा हे वेगळं लिहिलं आहे, तिथे राहण्याची सोय असो वा नसो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांनी त्यात प्रवास, शिबिरं आणि क्रीडा स्पर्धांच्या जागा घातल्या. संघ गोंदियाहून नागपूरला निघाला की तो रेल्वेचा डबाही कॉलेजच्याच आवारात धरला जातो.

सकाळी 8:30

समितीच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या चाव्या दोन. एक माझ्याकडे, दुसरी समितीतल्या दुसऱ्या प्राध्यापिकेकडे, मोहोरबंद पाकिटात. आस्थापना विभागाकडे नाही, शिपायाकडे नाही, प्राचार्यांकडेही नाही. यावरून सुरुवातीला पुष्कळ बोलणी ऐकावी लागली. पण 2013 च्या कायद्याचं कलम 16 हे कुणाच्या पदावर विश्वास आहे का, असं विचारत नाही. तक्रारीतला मजकूर, तक्रारदार, जिच्यावर किंवा ज्याच्यावर आरोप आहे ती व्यक्ती आणि साक्षीदार यांची नावं-पत्ते, चौकशीचं कामकाज, शिफारशी, यांतलं काहीही प्रसिद्ध करायचं नाही किंवा कळू द्यायचं नाही, असं ते कलम सांगतं.

आणि बातमी फुटते ती कुणी जाणूनबुजून फोडतो म्हणून नव्हे, कार्यालयाच्या सवयींमुळे. आवक रजिस्टरमध्ये 'विषय' नावाचा रकाना असतो. बाबू प्रामाणिक असतो, म्हणून तो विषय पूर्ण लिहितो: कुमारी अमुक हिची अमुक सरांबद्दल तक्रार. ते रजिस्टर टेबलावर उघडं पडलेलं असतं आणि दिवसभरात पन्नास माणसं त्या टेबलाला टेकतात. आता समितीची आवक वहीच वेगळी आहे, तिच्यात विषयाच्या जागी फक्त क्रमांक. दुसरी सवय स्कॅनिंगची. कार्यालयातल्या मोठ्या यंत्रावर कागद स्कॅन केला की तो एका सामाईक फोल्डरमध्ये जाऊन बसतो आणि कार्यालयातल्या कुठल्याही संगणकावरून उघडतो. आमचे कागद आता तिथे जात नाहीत. प्रती काढायच्या तर खोलीतल्याच लहान प्रिंटरवर, मीच.

सकाळी 9:30

प्राचार्यांकडे पाच मिनिटं. काल संध्याकाळी फोनवर एका मुलीने भेटायची वेळ मागितली, एवढंच सांगते. क्रीडा विभाग म्हणत नाही. ते म्हणतात, "मॅडम, बाहेर जायला नको. कॉलेजचं नाव आहे."

माणूस वाईट नाही. पण त्यांना हवी असलेली गुप्तता आणि कायद्यातली गुप्तता यांची तोंडं दोन दिशांना आहेत. कायद्यातली मुलीसाठी आहे, तिला बोलता यावं म्हणून. दुसरी संस्थेसाठी, कुणीच बोलू नये म्हणून. वार्षिक अहवालात 'तक्रारी: शून्य' असं वर्षानुवर्षं लिहिलेलं दिसतं तेव्हा माझ्या मनात शंकाच येते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या 1997 च्या विशाखा निकालानंतरही देशभर समित्या कागदावरच राहिल्या होत्या. पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी ते सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवलं, त्या पत्राची याचिका झाली, आणि 19 ऑक्टोबर 2012 च्या निकालात न्यायालयाने सगळ्यांचे कान उपटले. पुढच्याच वर्षी कायदा आला. आमची समिती ही त्या पत्राची देणगी आहे, हे मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते.

सकाळी 10:40

मुलगी आली. तिला ग्रंथालयातून मागच्या जिन्याने यायला सांगितलं होतं. समितीच्या दारासमोर ताटकळत उभं राहणं म्हणजे नोटीस बोर्डावर नाव लागण्यासारखंच. बरोबर मैत्रीण. दोघींच्या पायात मैदानाचेच बूट.

"मॅडम, घरी कोणाले सांगू नका जी."

कुठल्याही मुलीने आधी हेच म्हणावं, आणि मी लगेच "नाही सांगणार" म्हणावं, असं वाटतं. पण तिचं वय कळल्याशिवाय असं वचन देता येत नाही. म्हणून गोष्ट ऐकण्याआधी मी जन्मतारीख विचारते आणि का विचारते तेही सांगते. अठराच्या आतली असशील तर तू जे सांगशील ते मला पोलिसांना कळवावं लागेल. पोक्सोचं कलम 19 कुणालाच सूट देत नाही आणि संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर त्याला शिक्षा आहे. हे आधी न सांगता मुलीला बोलतं करायचं आणि मग पोलिसांना फोन लावायचा, याला मी विश्वासघात म्हणते. काही मुली हे ऐकून उठून जातात. त्यांच्या मागे कोण जाणार, समुपदेशक की वर्गशिक्षिका, हेही ठरवून ठेवावं लागतं, कारण अर्धवट ऐकलेलं असलं तरी संशय आला की माझी जबाबदारी संपत नाही.

ही एकोणीस वर्षांची आहे. सज्ञान. आईवडिलांना कळवायचं की नाही, हे ती ठरवेल.

"बाबा म्हणतीन, आता मैदानावर जायचं नाही. त्याहीपेक्षा घरीच बसून राहा म्हणतीन."

मग दुसरी कठीण गोष्ट सांगायची. गुप्तता म्हणजे सरांना तुझं नाव कळणार नाही असं नव्हे. तक्रारीची प्रत त्यांना द्यावी लागते, त्यांना उत्तराचा हक्क आहे. निनावी कागदावर चौकशी उभी राहत नाही. मुलगी गप्प झाली. मैत्रीण म्हणाली, "मंग काय फायदा?" फायदा हा की सर सोडून बाकी कुणाला कळता कामा नये, आणि सरांनीही ते कुठे बोलता कामा नये. आतापर्यंत तिच्याबद्दल ते काय वाटेल ते बोलू शकत होते. आज तक्रार दाखल झाली की त्यांचंही तोंड कायद्याने बांधलं जातं.

समितीतल्या सदस्यांची यादी तिच्यापुढे ठेवली. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या पातळ्यांवरून निवडून आलेले. यादीतल्या एका नावावर तिचं बोट थांबलं. ती प्रतिनिधी तिच्याच वसतिगृहात, शेजारच्या खोलीत. ती या प्रकरणात बसणार नाही, असं मी तिथेच वहीत लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

तक्रार तिने स्वतः लिहावी असा माझा आग्रह असतो. लिहिता येत नसेल तर मदत करणं समितीचं कामच आहे, पण दुसऱ्याच्या हातचा मजकूर चौकशीत टिकत नाही. तिने रेघांच्या कागदावर सुरुवात केली: "सर खेळ चांगला शिकवतात." मग बराच वेळ पेन थांबलं. मी काही बोलले नाही. पुढे तिने लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही. अर्धं मराठी, मधे हिंदी, दोन वाक्यं पोवारीत. तसंच राहू दे म्हटलं. एका ठिकाणी तिने मैत्रिणीचं नाव लिहून खोडलं. साक्षीदाराचं नाव सांगणं म्हणजे तिलाही अडकवणं, असं तिला वाटलं. साक्षीदारही कलम 16 च्या आडोशाला येतात हे सांगितल्यावर मैत्रीणच म्हणाली, "लिही माझं नाव. पूर्ण लिही."

एक प्रसंग गेल्या महिन्यातला, एक त्याआधीच्या शिबिरातला. तक्रार द्यायला तीन महिन्यांची मुदत असते. उशिराचं कारण लेखी नोंदवून समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. "निवड व्हायची होती म्हणून बोलली नाही" हे कारण मला पुरेसं आहे, मी ते तसंच नोंदवलं. रात्री आलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट तिच्याकडे होते. ते माझ्या फोनवर घेतले नाहीत. तिच्यासमोर प्रिंट काढली, तिची सही घेतली. मूळ मेसेज पुसू नकोस आणि यापुढे कुणाला पाठवू नकोस, एवढं बजावलं.

दुपारी 12:15

सरांना तक्रारीची प्रत सात दिवसांत जायला हवी; उत्तराला त्यांना दहा दिवस. पाकीट मी स्वतः देणार, स्टाफरूममध्ये नाही. मुलीचा पत्ता आणि फोन नंबर वेगळ्या कागदावर, तो कपाटातच राहणार.

खरं डोकं लागतं ते अंतरिम सोयीला. आरोप असलेल्या व्यक्तीने तक्रारदाराचं मूल्यमापन करू नये, तिच्यापासून अंतर ठेवावं, अशी शिफारस आयोगाच्या विनियमांप्रमाणे करता येते. पण "अमुक खेळाडूची निवड चाचणी अमुक सर घेणार नाहीत" असा आदेश निघाला की संध्याकाळपर्यंत मैदानावरच्या प्रत्येकाला सगळं समजलेलं असतं. सराव बंद करून तिला घरी बसवणं तर आणखी वाईट, कारण शिक्षा तिलाच होते. म्हणून आमची शिफारस अशी: या हंगामात सर्व खेळांच्या सर्व निवड चाचण्या तिघांच्या मंडळाने घ्याव्यात, त्यात एक जण बाहेरच्या कॉलेजचा असावा. मुलींच्या प्रत्येक संघाबरोबर महिला व्यवस्थापक जावी. एकट्या मुलीचा वेगळा सराव ठेवू नये. आदेश प्राचार्यांच्या सहीने, नेहमीच्या परिपत्रकासारखा निघेल आणि त्यातून एकही बोट कुणाकडे जाणार नाही. काम पाचपट वाढतं. पण यांतली एकही गोष्ट अशी नाही, जी तक्रार येण्याआधीच व्हायला नको होती.

दुपारी 1:15

डबा. शेजारच्या खुर्चीवरून प्रश्न येतोच, "मॅडम, काही नवीन?" मी भाजीबद्दल बोलते. मुली पुढे येत नाहीत, अशी तक्रार इथेच, याच टेबलावर ऐकू येते. जानेवारी 2023 मध्ये जागतिक स्पर्धा गाजवलेल्या, ऑलिम्पिक पदक मिळवलेल्या कुस्तीगीर मुलींना लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसावं लागलं, आणि नंतर सरकारच्याच देखरेख समितीला आढळलं की भारतीय कुस्ती महासंघात कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीच नव्हती. ऑलिम्पिकच्या खेळाडूला रस्त्यावर बसावं लागलं, तर आमच्या मुलीने कुणाच्या भरवशावर बोलावं?

दुपारी 2:00

दुसऱ्या एका प्रकरणाची सुनावणी. गणपूर्तीला अध्यक्षांसह तीन सदस्य लागतात. बाहेरच्या सदस्य भंडाऱ्याहून बसने आल्या आहेत. तक्रारदार दोन वाजता मागच्या बाजूने, ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते पावणेतीनला पुढच्या बाजूने. दोघांची गाठ व्हरांड्यात पडता कामा नये. तिचा बुडालेला तास उपस्थितीत धरला जावा म्हणून प्राचार्यांची चिठ्ठी घेतली आहे, तिच्यावर कारण लिहिलेलं नाही.

आरोप असलेल्या गृहस्थांनी वकील आणायची परवानगी मागितली. नियमात नाही, ना त्यांना ना तिला. त्यांचे प्रश्न त्यांनी लिहून द्यायचे, आम्ही विचारायचे, तिची उत्तरं त्यांना द्यायची. दोन प्रश्न तिच्या पूर्वीच्या मैत्रीबद्दल होते, ते आम्ही कारण नोंदवून नाकारले. बाकी सगळे विचारले, अगदी अप्रिय असले तरी. त्यांनी आणखी एक आठवडा मागितला, तोही दिला. चौकशीच्या नव्वद दिवसांच्या मुदतीत तो बसतो.

बाहेरच्या सदस्यांना हे मऊपणाचं वाटलं. मी त्यांना गोवा विद्यापीठाच्या प्रकरणाची आठवण दिली. तिथे 2009 मध्ये समितीने सुनावण्या घाईघाईत उरकल्या, बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही. आरोप असलेल्या प्राध्यापकाची बडतर्फी झाली, उच्च न्यायालयात ती टिकली, आणि 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून प्रकरण पुन्हा चौकशीकडे, 2009 च्या मे महिन्यातल्या टप्प्यावर, पाठवलं. चौदा वर्षांनी! तक्रार देणाऱ्या मुलींनी तोवर आयुष्याची किती वळणं घेतली असतील. आरोपीला दिलेला एक आठवडा हा मुलीच्या बाजूचाच असतो, तो तिच्या निकालाला टिकाऊ करतो, असं माझं ठाम मत आहे.

जाताना आरोप असलेल्या गृहस्थांनी विचारलं, "माझी बदनामी चाललीय, तिचं काय?" त्यांचं नावही गुप्तच आहे आणि ते कुठून फुटलं असेल तर मी चौकशी करेन. मात्र स्टाफरूममध्ये ते स्वतःच या विषयावर बोलल्याचं दोघांनी कळवलं होतं. तेही लेखी समज म्हणून त्यांच्या हातात दिलं. तक्रार हाताळणाऱ्याने कलम 16 मोडल्याचा दंड नियमाने पाच हजार रुपये. मला तो फार कमी वाटतो. एका मुलीचं खेळणं सुटतं त्याची ही किंमत नव्हे.

दुपारी 4:15

माहिती अधिकाराचा अर्ज आला आहे. गेल्या पाच वर्षांत समितीकडे आलेल्या तक्रारींच्या आणि अहवालांच्या प्रती हव्यात. अनुदानित कॉलेज असल्यामुळे उत्तर द्यावंच लागतं, तीस दिवसांत. प्रती देता येत नाहीत. कलम 16 ची सुरुवातच माहिती अधिकार कायद्यात काहीही असलं तरी, अशी आहे. पण म्हणून पूर्ण अर्ज फेटाळणं मला पटत नाही. किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, नव्वद दिवसांवर किती रेंगाळल्या, किती कार्यशाळा झाल्या, हे वार्षिक अहवालात द्यायचंच असतं. ते लोकांना कळायलाच हवं. नोव्हेंबर 2025 पासून माहिती अधिकाराचं कलम 8(1)(ञ) बदललं आहे. व्यक्तिगत माहिती नाकारणं आता पूर्वीपेक्षा सोपं झालं आणि सार्वजनिक हिताचा आधार शोधायला कलम 8(2) कडे जावं लागतं. या बदलाचा आडोसा घेऊन संस्था आकडेही लपवतील, ही माझी भीती आहे.

एक खबरदारी मात्र घेते. आकडे सबंध कॉलेजचे देते, विभागवार नाही. 'क्रीडा विभाग: 1' असं लिहिलं तर त्या एकच्या मागे उभी असलेली मुलगी सगळ्यांना दिसते. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी 24 सप्टेंबर 2021 रोजी घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वं मी या खोलीत लावली आहेत: आदेशात पक्षकारांची नावं नकोत, ई-मेल नको, फोन नको, पत्ता नको, साक्षीदारांचंही तेच. उच्च न्यायालय जर आपल्या निकालात नावाऐवजी एक अक्षर लिहितं, तर आमच्या टिपणीत पूर्ण नाव कशाला?

संध्याकाळी 5:30

क्रीडा विभागाच्या खोलीत. शारीरिक शिक्षण संचालकांनीच बोलावलं होतं, "एकदा आमचे कागद पाहून घ्या" म्हणून. भिंतीवर नागपूरला जाणाऱ्या संघाची यादी: नाव, वडिलांचं नाव, गाव, मोबाईल. जो कुणी चेंडू मागायला येतो तो ती वाचून जातो. त्यांनी माझ्यासमोरच काढली. कपाटात आधारच्या झेरॉक्सचे गठ्ठे, कुठल्या वर्षाचे कळत नाहीत. संघाचा व्हॉट्सअ‍ॅप गट प्रशिक्षक चालवतो, त्यामुळे प्रत्येक मुलीचा नंबर त्याच्याकडे आपोआप जातो आणि रात्रीच्या मेसेजना वाट मिळते.

मग सरावाची हजेरी वही उघडली. मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीच्या रकान्यात दर महिन्याला लाल शाईत 'एमसी'. वर्षभराची पाळीची नोंद, वीस मुलींची, टेबलावर उघडी. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, कारण लिहायचं म्हणून लिहिलं. संचालक ती पानं उलटत राहिले आणि म्हणाले, "माझी मुलगी या संघात असती तर?" आता त्या रकान्यात 'कारण कळवले' एवढंच.

वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील. अठराच्या आतल्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल. पण खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 लाच सांगून ठेवलं आहे. हजेरीतला रकाना बदलायला आणखी कशाची वाट पाहायची? आजचं ठरलं ते असं: जुने आधार नष्ट करून त्याची नोंद ठेवायची, फोनची यादी फक्त महिला व्यवस्थापकाकडे, गटाची चालक कार्यालयातली एक बाई, आणि प्रशिक्षकाने मुलीला एकटीला मेसेज करायचा नाही, वेळ कोणतीही असो.

संध्याकाळी 7:45

घरी. पोळ्या होईपर्यंत एक काम उरकायचं आहे. एक जुनं प्रकरण निकाली निघालं, शिफारशीप्रमाणे कारवाई झाली. कलम 16 लाच एक परंतुक जोडलेलं आहे: नाव, पत्ता, ओळख पटेल असा कुठलाही तपशील न देता, न्याय मिळाला ही माहिती प्रसृत करता येते. या दोन ओळी कुणी वापरत नाही. मी वापरणार आहे. प्राचार्यांनी बरीच चर्चा केली, शेवटी म्हणाले, मसुदा आणा.

मसुद्यात लिहिलं होतं: "नोव्हेंबरात झालेल्या स्पर्धेच्या काळातील गैरवर्तनाची तक्रार समितीकडे आली. चौकशी मुदतीत पूर्ण झाली. आरोप सिद्ध झाला व संस्थेने कारवाई केली." तो आधी त्या मुलीला वाचून दाखवायचा, असा माझा नियम आहे. तिला फोन लावला. मागे घरात टीव्ही चालू होता, ती अंगणात गेली असावी.

"मॅडम, नोव्हेंबर काढा. त्या महिन्यात बाहेर एकच संघ गेला होता."

काढला. 'स्पर्धेच्या काळातील' हेही काढलं.

"आणि 'कारवाई केली' असं नका लिहू, काय केली ते लिहा. नाहीतर पोरी म्हणतीन, नुसतं समजावून सोडलं असन."

काय कारवाई झाली ते लिहिलं तर माणूस ओळखू येईल का, यावर आम्ही दोघी बराच वेळ बोललो. शेवटी "सेवानियमांप्रमाणे शिक्षा करण्यात आली" यावर ती कबूल झाली. उद्या सकाळी दहाला हा कागद प्राचार्यांच्या सहीला जाईल आणि मैदानाच्या फाटकावरच्या फलकावर लागेल, भरतीच्या मुलींनाही वाचता यावा अशा मोठ्या अक्षरात.